‘आपादिका’ आणि ‘पोसिका’ : पोसणाऱ्याच्या शब्दांची चिकित्सा

महाप्रजापती गोतमीचा उल्लेख करताना पाली ग्रंथ तीन शब्द एका ओळीने उच्चारतात. ती ‘आपादिका’ आहे, ती ‘पोसिका’ आहे आणि ती ‘खीरस्स दायिका’, म्हणजे दूध देणारी आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात हे शब्द आनंदाच्या तोंडी येतात आणि मज्झिमनिकायाच्या दक्खिणाविभंग सुत्तातही आनंदच ते उच्चारतो. आमच्या मराठी धम्मवाङ्मयात मात्र या तीन शब्दांची पार रया गेलेली दिसते. कोणी ‘दाई’ लिहितो, कोणी ‘सावत्र आई’, कोणी ‘मावशीने त्यांचे पालनपोषण केले’ एवढ्यावर भागवतो. तीन शब्दांचे एका शब्दात गाठोडे बांधले की अर्थाचे काय होते, आणि त्या अर्थाशी आमचे आजचे काय हितसंबंध गुंतलेले आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘पोसिका’ हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. पालीतील ‘पोसेति’ आणि मराठीतील ‘पोसणे’ ही एकाच घरची भावंडे आहेत. संस्कृताच्या मार्गाने आलेला ‘पोषण’ हा शब्द पुढे आहारशास्त्राच्या आणि सरकारी योजनांच्या कामी आला. परंतु खेड्यातील बाई आजही ‘तीन लेकरं पोसली’ असेच म्हणते. म्हणून ‘पोसिका’ या शब्दासाठी ‘पोषणकर्ती’ असा जड शब्द घडविण्याचे आम्हांस काहीच कारण दिसत नाही. ‘पोसणारी’ हा शब्द पुरेसा आहे, आणि तो मूळ शब्दाच्या अधिक जवळचाही आहे.

‘आपादिका’ची गोष्ट वेगळी. ‘आ’ या उपसर्गासह ‘पद्’ धातूचे हे प्रयोजक रूप आहे. एखाद्या अवस्थेला पोहोचविणे, तेथपर्यंत आणून सोडणे, हा त्याचा गाभा. पाली टेक्स्ट सोसायटीच्या कोशाने (1921-25) दाई, पालनमाता असे इंग्रजी प्रतिशब्द दिले आणि आमच्याकडील बहुतेकांनी कोशावर विसंबून ‘दाई’ हा शब्द उचलला. कोशाचा येथे फारसा दोष नाही. कोश दोन शब्दांत जे सांगता येईल ते सांगतो. दोष अट्ठकथा न उघडण्याचा आहे. मज्झिमनिकायाच्या अट्ठकथेत या शब्दांचा जो खुलासा आहे, तो इतका घरगुती आणि इतका नेमका आहे की त्यापुढे कोश फिका पडावा. अट्ठकथाकार सांगतात त्याचा आशय असा : ज्या काळी तुमचे हात हाताचे काम करीत नव्हते आणि पाय पायाचे काम करीत नव्हते, त्या काळी त्या हातापायांना वाढवून तिने तुमची निगा राखली, म्हणून ती आपादिका. दिवसातून दोनतीन वेळा न्हाऊ घातले, खाऊ घातले, पाजले, म्हणून ती पोसिका.

म्हणजे पोसणे ही रोजची क्रिया होय. ती आज केली तरी उद्या पुन्हा करावी लागते. आपादन ही त्या क्रियेची दिशा होय. असमर्थ देहाला समर्थतेपर्यंत नेणे हे त्या दिशेचे नाव. मराठीत या अर्थाचा एक सिद्ध वाक्प्रचार आहे, तो म्हणजे ‘लहानाचे मोठे करणे’. ‘मला मावशीने लहानाचे मोठे केले’ असे ज्याने म्हटले, त्याने नकळत ‘आपादिका’ या शब्दाचा अचूक अनुवाद केला. हा वाक्प्रचार हाताशी असताना आमचे अनुवादक ‘दाई’ या शब्दाकडे का वळतात, हे आम्हांस उमगत नाही.

‘दाई’ या शब्दावर आमचा आक्षेप केवळ भाषेचा नाही. दाईसाठी पालीत ‘धाति’ हा स्वतंत्र शब्द आहे, आणि त्याच अट्ठकथेत तो याच प्रसंगी येतो. तेथील निवेदन असे की, गोतमीचा स्वतःचा पुत्र नंद हा बोधिसत्त्वापेक्षा थोड्याच दिवसांनी लहान होता. नंद जन्मला तेव्हा तिने त्याला दायांच्या हवाली केले आणि बहिणीच्या पोराला स्वतःचे दूध पाजले. राजघराण्यात दायांची वाण नव्हती. तेथे दाईचे काम राणीने स्वतःकडे घेतले आणि पोटच्या मुलाला दायांकडे दिले, हेच तर अट्ठकथाकाराला सांगावयाचे आहे. ‘दाई’ असा अनुवाद करताच हा सगळा विरोध पुसला जातो. नंदाच्या बाजूने पाहिले तर या कथेत एक सलही आहे. परंतु अट्ठकथा तेथे थांबत नाही आणि आम्हीही थांबत नाही.

‘सावत्र आई’ हा प्रयोग तर त्याहून अनर्थकारक. नात्याच्या हिशेबात तो खोटा नाही, कारण माया आणि प्रजापती या दोघी शुद्धोदनाच्या घरी होत्या. पण मराठी लोककथांनी आणि म्हणींनी सावत्र आईचे जे रूप रंगविले आहे, ते या शब्दाच्या पाठीला चिकटून येते. पाली ग्रंथ नाते सांगताना ‘मातुच्छा’ म्हणतात, म्हणजे मावशी. हा शब्द मराठीत जिवंत आहे आणि गोड आहे.

येथे बाबासाहेबांच्या एका लेखनस्थळाची आठवण देणे अगत्याचे वाटते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मृत्युशय्येवरील महामाया आपले मूल प्रजापतीच्या ओटीत घालते, तो प्रसंग आहे. तू याला आईहूनही अधिक होशील याविषयी मला शंका नाही, अशा आशयाचे तिचे उद्गार बाबासाहेबांनी तेथे दिले आहेत. ‘आईहूनही अधिक’ ही कल्पना पालीतील तीन शब्दांच्या जवळ जाणारी आहे. बाबासाहेबांचे स्वतःचे मातृछत्र बालपणीच हरपले आणि त्यांचा सांभाळ आत्या मीराबाई यांनी केला, हे चरित्रवाचकांस ठाऊक आहे. त्या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याचा मोह होतो. तो जोडण्यास लिखित आधार मात्र लागेल.

आता चुल्लवग्गाकडे येऊ, कारण आमच्या चिकित्सेचा मुख्य मुद्दा तेथे आहे. स्त्रियांच्या प्रव्रज्येची विनंती नाकारली गेली. केस कापून, काषाय वस्त्रे नेसून, सुजलेल्या पायांनी गोतमी वेसालीला पोहोचली. आनंदाने तिची बाजू मांडली. आमच्या विहारांतील प्रवचनांत हा प्रसंग सांगताना बहुधा असे सांगितले जाते की, आनंदाने दुधाच्या ऋणाची आठवण दिली आणि तथागतांचे मन द्रवले. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येते, आणि प्रवचनकार पुढच्या कथेकडे वळतो.

मूळ पाठ असे सांगत नाही. आनंद प्रथम विचारतो ते सामर्थ्याविषयी. घर सोडून तथागतांच्या धम्मविनयात आलेली स्त्री स्रोतापत्तिफलापासून अर्हत्त्वापर्यंतची फळे साक्षात करू शकते की नाही? उत्तर होकारार्थी येते. त्यानंतरच आनंद म्हणतो की, स्त्री जर समर्थ आहे, आणि गोतमी तर फार उपकारी, आपादिका, पोसिका, दूध देणारी आहे, तर स्त्रियांना प्रव्रज्या मिळावी हे योग्य. युक्तिवादाची पहिली पायरी सामर्थ्याची आहे, ऋणाची दुसरी. ऋण हे गोतमीपुरते आहे. सामर्थ्य सर्व स्त्रियांचे आहे. ऋणावरच दार उघडले असते तर ते एकट्या गोतमीसाठी उघडले असते. तिच्यामागून वेसालीपर्यंत चालत आलेल्या शाक्य स्त्रियांनी बोधिसत्त्वाला दूध पाजलेले नव्हते.

बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात हा प्रसंग मांडताना सामर्थ्याच्या मुद्द्याला केंद्रस्थान दिले. निर्वाणाच्या बाबतीत स्त्री पुरुषाइतकीच समर्थ आहे, नकाराचे कारण स्त्रीपुरुषविषमता नसून व्यावहारिक अडचण आहे, असे त्यांच्या ग्रंथातील बुद्ध स्पष्ट सांगतात. 1951 साली ‘महाबोधी’ या नियतकालिकातून हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर लिहिताना त्यांनी बुद्धावरील स्त्रीद्वेषाच्या आरोपाचा जो समाचार घेतला, तोही याच दिशेचा. असे असताना आमची प्रवचने दुधावरच का रेंगाळतात? आमचे उत्तर थोडे कडू आहे. पोसणारीचा गौरव करणे सोपे असते, त्यात काही द्यावे लागत नाही. वर्षावासात खीर रांधणारी, विहार झाडणारी, लेकरांना वंदना पाठ करून देणारी उपासिका ‘माता’ म्हणून गौरविली जाते. विहार समितीची नावे वाचली की तीच उपासिका त्यांत दिसत नाही, किंवा शेवटच्या ओळीत दिसते. तिचे दूध मान्य, तिचे सामर्थ्य मान्य होण्यास मात्र वेळ लागतो. शब्दांचा क्रम बदलण्याचा हा परिणाम आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण तो क्रम बदलून सांगण्याची सवय आणि ही समित्यांची सवय एकाच मुशीतून आलेल्या आहेत, असे आम्हांस वाटते.

दक्खिणाविभंग सुत्तातील प्रसंग निराळा आहे, आणि आमच्या मते अधिक मोलाचा. गोतमी नवी वस्त्रजोडी घेऊन येते. सूत तिने स्वतः कातलेले, वस्त्र स्वतः विणलेले. ते तथागतांनी स्वीकारावे अशी तिची इच्छा. तथागत म्हणतात, संघाला दे; संघाला दिल्याने माझाही सन्मान होईल आणि संघाचाही. आनंद पुन्हा तेच तीन शब्द पुढे करतो, परंतु या वेळी त्याला दुसरी बाजूही ठाऊक आहे. तथागतही गोतमीला फार उपकारी आहेत. त्यांच्यामुळे ती शरण गेली, तिने शील घेतले, दुःखाविषयीची तिची शंका फिटली. आणि तथागत या दुसऱ्या बाजूस दुजोरा देतात. ज्याच्यामुळे माणूस धम्मात स्थिर झाला, त्याचे ऋण वंदनाने, सेवेने, चीवर-भोजन-औषधाच्या दानाने सहज फिटत नाही, असा त्या उत्तराचा आशय. मग दानांचे वर्गीकरण येते, व्यक्तीला दिलेली चौदा दाने आणि संघाला दिलेली सात. त्या सातांत भिक्खुणी संघाचाही समावेश आहे आणि गोतमी तर येथे गृहिणी दिसते, हा कालक्रमाचा पेच अभ्यासकांनी वारंवार चर्चिला आहे. तो येथे सोडविण्याची गरज नाही.

पोसण्याचे ऋण दोन्ही बाजूंनी वाहते, हे या सुत्ताचे वैशिष्ट्य. जिने हातापायांत बळ आणले, तिलाही कोणीतरी वाढविले. गोतमीच्या अपदानात ही कल्पना आणखी स्पष्ट होते. तुझा रूपकाय मी वाढविला आणि माझा धम्मकाय तू वाढविलास, असा तिचा भाव तेथे व्यक्त झाला आहे. थेरीगाथेत मात्र तीच गोतमी बुद्धाच्या जन्माचे श्रेय मायेला देते आणि आपण पाजलेल्या दुधाविषयी एक अक्षर काढीत नाही. पोसणाऱ्याने स्वतःला पोसणारा म्हणवून घ्यावयाचे नसते. ते दुसऱ्याने म्हणावयाचे असते. आनंदाने म्हटले, तिने म्हटले नाही.

आईबापांच्या बाबतीतही अंगुत्तरनिकायात ‘आपादका’ आणि ‘पोसका’ हेच शब्द पुल्लिंगी बहुवचनात येतात. ते बहुत उपकारी, लहानाचे मोठे करणारे, पोसणारे आणि हे जग दाखविणारे आहेत, म्हणून ज्या घरात मुले आईबापांचा मान राखतात त्या घरात ब्रह्म नांदते असे म्हटले आहे. ‘जग दाखविणारे’ हा चौथा गुण लक्षात ठेवण्यासारखा. ब्राह्मणी परंपरेतील ब्रह्माला आकाशातून उतरवून चुलीशेजारी बसविण्याचे हे काम किती सहजपणे केले आहे! त्याच निकायात दुसरीकडे सांगितले आहे की, आईला एका खांद्यावर व बापाला दुसऱ्या खांद्यावर घेऊन शंभर वर्षे वागविले तरी ऋण फिटत नाही. अश्रद्ध आईबापांना श्रद्धेत, दुःशीलांना शीलात, कृपणांना त्यागात, मूढांना प्रज्ञेत जो स्थिर करतो, त्याचे फिटते. म्हणजे ज्यांनी लहानाचे मोठे केले, त्यांना आणखी मोठे करणे.

आणि हा शब्द स्त्रीच्या देहाला बांधलेला नाही, याचा पुरावा सच्चविभंग सुत्तात आहे. वाराणसीजवळ इसिपतनात तथागत भिक्खूंना सांगतात की, सारिपुत्त हा जन्म देणाऱ्यासारखा आहे आणि मोग्गल्लान हा जन्मलेल्याच्या ‘आपादेत्या’सारखा. सारिपुत्त स्रोतापत्तिफलापर्यंत नेतो, मोग्गल्लान अंतिम अर्थापर्यंत. दोन पुरुष भिक्खू, आणि त्यांना दिलेली उपमा बाळंतिणीच्या खोलीतली. अट्ठकथा यावर सांगते की, सारिपुत्त आपल्या शिष्याची आजारपणातही शुश्रूषा करी, त्याला कर्मस्थान देई, आणि तो स्रोतापन्न झाला की आता हा स्वतःच्या बळावर पुढे जाईल असे जाणून त्याची चिंता सोडी. मोग्गल्लान अर्हत्त्वापर्यंत चिंता सोडीत नसे. दोघांच्या रीतीत फरक आहे. दोघांनाही शेवट ठाऊक आहे. पोसणे कोठे संपवावयाचे हे ज्याला कळते तो आपादेता.

मराठीतील ‘पोशिंदा’ या शब्दाचा विचार करावयाचा तो या कसोटीवर. हा शब्द सुंदर आहे, भारदस्त आहे, आणि म्हणूनच धोक्याचा आहे. ‘जगाचा पोशिंदा’ म्हणून शेतकऱ्याचा गौरव होतो, तो योग्यच. परंतु त्या गौरवात बांधावरची भूमिहीन मजूर स्त्री कोठे बसते, हा प्रश्न विचारला की सभा गप्प होते. ‘लाखांचा पोशिंदा’ या प्रसिद्ध वचनात पोशिंदा वाचावा म्हणून इतरांनी मरावयाचे असते. पालीतील पोसिकेने स्वतःच्या पोराचे दूध तोडून दुसऱ्याचे पोर वाढविले. येथे हिशेब उलटा आहे.

गावगाड्याने आमच्या पूर्वजांना हाच शब्द ऐकविला. गाव महाराला पोसते, असे बलुत्याच्या व्यवस्थेचे म्हणणे होते. सरकारी सारा पोहोचविणे, गावाची सीमा दाखविणे, निरोप घेऊन रानोमाळ धावणे, मेलेले जनावर ओढणे ही कामे वेळीअवेळी करून घ्यावयाची, मोबदल्यात खळ्यावरचे चार पेंढ्यांचे धान्य आणि दारोदारचे शिळे तुकडे द्यावयाचे, आणि वर ‘मायबाप’ म्हणवून घ्यावयाचे! श्रमाच्या मोलाला दान म्हटले की श्रम करणारा भिकारी ठरतो आणि मोल बुडविणारा पोशिंदा ठरतो. बाबासाहेबांनी 1927 च्या मार्चमध्ये महाडला उष्टे व मृत मांस सोडण्याचा जो आदेश दिला, आणि 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या प्रश्नावर जे विधेयक आणले, त्यांत या शब्दाचे ढोंग उघडे पाडलेले आहे. हलक्या गावकामगारांची वतने कायद्याने नष्ट होण्यास 1958 साल उजाडावे लागले.

सिगालोवाद सुत्त येथे मुद्दाम पाहावे. आईबाप व मुले यांच्या दिशेत मुलाने म्हणावयाचे असते की, यांनी माझे भरण केले, मी यांचे करीन. मालक व कामगार यांच्या दिशेत मात्र मालकाची पाच कर्तव्ये निराळ्या भाषेत सांगितली आहेत : शक्तीप्रमाणे काम, अन्न आणि वेतन, आजारपणात शुश्रूषा, विशेष खाद्यपदार्थांत वाटा आणि योग्य वेळी सुटी. तेथे मालकाला पोसक म्हटलेले नाही. ‘वेतन’ हा शब्द वापरून सुत्ताने मायबापपणाचे दार बंद केले आहे.

आणि आता आमच्याच अंगणात. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फलकांवर ‘समाजाचा पोशिंदा’ ही अक्षरे आमच्या वस्त्यांतही झळकतात. काही वक्ते बाबासाहेबांनाही हे विशेषण लावतात. प्रेम समजण्यासारखे आहे, विशेषण मात्र चुकीचे आहे. ज्यांनी शिका म्हणून सांगितले, ज्यांनी उष्ट्याचा घास हातातून टाकावयास लावला, त्यांना पोशिंदा म्हणणे म्हणजे आपण अजून पाळण्यात आहोत असे सांगणे. त्यांच्यासाठी शब्दच हवा असेल तर तो ‘आपादेता’. हात हाताचे काम करीत नव्हते, पाय पायाचे काम करीत नव्हते, त्या समाजाला त्यांनी त्याच्या हातापायांवर आणून सोडले.

एक अडचण उरते, आणि ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच पालीत ‘अनञ्ञपोसी’ हा शब्द प्रशंसेने आला आहे. उदानात महाकस्सपाचे वर्णन करताना आणि सुत्तनिपाताच्या खग्गविसाण सुत्तात एकाकी विहरणाऱ्याचे वर्णन करताना तो योजिला आहे. दुसऱ्या कोणाला पोसण्याचा भार ज्याच्यावर नाही, तो अनञ्ञपोसी. मग मोग्गल्लानाची उपमा आणि हा शब्द यांची संगती कशी लावावयाची? भिक्खूचे ध्येय काय, आत्मपूर्णता की समाजसेवा, हा प्रश्न बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच उभा केला. केवळ स्वतःपुरता पूर्ण झालेला भिक्खू धम्माच्या प्रसाराला निरुपयोगी आहे, हे त्यांचे मत सर्वश्रुत आहे. आमच्या मते ‘अनञ्ञपोसी’ हा शब्द भिक्षाटनाच्या संदर्भात वाचावा. पाठीशी बायकापोरांचा प्रपंच नाही, म्हणून ज्याला साठा करावा लागत नाही, जो पोटापुरते घेऊन पुढे जातो, त्याचे हे वर्णन आहे. शेजारच्या रुग्णाकडे पाठ फिरविण्याचा परवाना त्यात नाही. तसे असते तर महावग्गातील तो प्रसंग घडलाच नसता. अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेला एक भिक्खू तथागतांना आढळतो. तो कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून सहकाऱ्यांनी त्याला टाकलेले असते. तथागत आनंदाला पाणी आणावयास सांगतात, स्वतः पाणी ओततात, आनंद त्याला धुतो. मग एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून धरून दोघे त्याला उचलून मंचकावर ठेवतात. नंतर संघाला बोलावून विचारतात की, तुम्हांला येथे आई नाही, बाप नाही; तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार?